अकरावर थांबलेले स्टिअरिंग

मोटारीच्या साऱ्या अवयवांत चालकाच्या नजरेसमोर अष्टौप्रहर असणारा अवयव एकच, आणि तो म्हणजे स्टिअरिंग. इंजिन झाकणाखाली, गिअरची पेटी पोटाखाली, ब्रेक चाकांच्या आड; त्यांची दुखणी आवाजावरून, वासावरून, कंपावरून ओळखावी लागतात. स्टिअरिंग मात्र समोर, छातीशी, दोन्ही हातांत. ते जरा तिरके झाले की मनुष्य बेचैन होतो. भिंतीवरची तसबीर वाकडी टांगलेली दिसली की ज्यांना घास गोड लागत नाही अशी काही माणसे असतात. मोटार हाकणारी बहुतेक माणसे स्टिअरिंगच्या बाबतीत त्याच पंथाची असतात. आणि पुढच्या सस्पेन्शनचे काम करून आणलेल्या गाडीचे स्टिअरिंग तिरके बसलेले आढळावे, ही तर इतकी नित्याची गोष्ट की गॅरेजवाले तिला दोष मानावयासही तयार नसतात.

आमच्या धर्मग्रामाची एक जुनी ओम्नी व्हॅन आहे. ओम्नी २०१९ सालापासून बनत नाही. परंतु ज्या आहेत त्या अद्याप ओझी वाहत आहेत. आमच्या व्हॅनचे ओझे म्हणजे रविवारी मिस्सेसाठी येणारी म्हातारी माणसे, खेड्यापाड्यांतील आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन देण्यासाठी जाणारे फादर, आणि महिन्यातून दोन-तीन वेळा जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, साखळी या मार्गाने गोव्यातील बांबोळीच्या इस्पितळात नेण्याचे रुग्ण. घाटातल्या पावसाळ्याने गाडीचे पुढचे अंग खिळखिळे झाले. दोन्ही बाजूंचे बॉल जॉइंट सैल, शॉकअप्सर गळके, टाय-रॉडची टोके डगडगीत. बेळगाव शहरातील एका गॅरेजात ते सर्व नवे घालून घेतले. हिशेबाची वही आमच्याकडे असल्याने बिल आमच्या हाती आले. त्यातील आकडा पाहून प्रथम आम्हीच किंचित तिरके झालो, हे येथे नमूद करण्यास हरकत नाही.

गाडी परत आली ती उत्तम चालू लागली. खड्ड्यात आदळल्यावर पूर्वी जो टिणटिणाट होई तो गेला. फक्त एकच गोष्ट राहिली. सरळ रस्त्यावर गाडी सरळ धावत असता स्टिअरिंगचा माथा घड्याळातील बारावर असावयाचा, तो अकरावर दिसू लागला. भरीस भर, वळणाचा दिवा एका बाजूस आपोआप वेळेआधी मिटे आणि दुसऱ्या बाजूस टिकटिकतच राही.

आमचे ड्रायव्हरकाका साठी ओलांडलेले. ते फादरांना एवढेच म्हणाले, "गाडी सरळ जातीया फादर, स्टिअरिंगच तेवढं अकरावर बघतंय की."

या वाक्यात रोगाचे अर्धे निदान होते. कारण दोन निरनिराळ्या तक्रारी लोक नेहमी एकीत घालतात. स्टिअरिंगवरची पकड सैल करताच गाडी एका बाजूस ओढली जात असेल, तर तो दोष टायरमधील कमीअधिक हवेचा, एखाद्या चिकटणाऱ्या ब्रेकचा, टायरच्या झिजेचा किंवा चाकांच्या कलण्याचा. उलट गाडी नाकासमोर जात असून स्टिअरिंग तेवढे तिरके असेल, तर बहुधा दोष दोन बाजूंच्या दांड्यांच्या लांबीत असतो. अर्थात ही परीक्षा सपाट रस्त्यावरच करावयाची. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून आपले रस्ते मध्ये उंच आणि कडांना उतरते बांधलेले असतात. आपण डावीकडून चालतो. म्हणून गाडी हलकेच डावीकडे उतरू पाहते आणि चालक न कळत स्टिअरिंग केसभर उजवीकडे धरून ठेवतो. एवढा तिरकेपणा रस्त्याचा, गाडीचा नव्हे. आमचे अकरा मात्र रस्त्याच्या कोणत्याही अंगावर अकराच राहत होते.

आता हे होते कसे, ते सांगितले पाहिजे. स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाशी एक लहान दातेरी चाक असते. ते एका आडव्या दातेरी पट्टीवर बसते. तिला रॅक म्हणतात. स्टिअरिंग फिरवले की रॅक डावीउजवीकडे सरकते, आणि तिच्या दोन टोकांना जोडलेल्या दोन दांड्या, म्हणजे टाय-रॉड, पुढची दोन चाके वळवितात. प्रत्येक दांडीच्या टोकाला आटे पाडलेले असतात. त्यामुळे दांडी लांब किंवा आखूड करता येते, आणि मग ती हलू नये म्हणून चेकनट आवळून ठेवतात. रॅक मध्यावर, स्टिअरिंग बारावर आणि दोन्ही चाके सरळ, अशा तीन गोष्टी एकाच वेळी जुळल्या तर सर्व ठीक.

सस्पेन्शनचे नवे भाग घातले की चाक पूर्वीच्याच जागी तंतोतंत येत नाही. नवे टोक दांडीवर किती फेरे चढविले, शॉकअप्सरचे बोल्ट भोकांत कोठे बसले, बुश किती ताठ आहे, यांवर काही मिलिमीटरांचा फरक पडतो. म्हणून काम संपल्यावर दोन्ही चाकांची तोंडे एकमेकांशी जुळवून घेतात. त्याला 'टो' जुळविणे म्हणतात. ही तोंडे जुळविण्याचा पुरा मार्ग म्हणजे स्टिअरिंग सरळ बांधून ठेवणे आणि दोन्ही दांड्या ज्याच्या त्याच्या मापाने फिरविणे. सोपा मार्ग म्हणजे जी बाजू हाताशी असेल तिच्याच दांडीवर दोन्ही बाजूंची दुरुस्ती लादणे. एकूण बेरीज बरोबर येते. परंतु दोन्ही चाके सरळ धावू लागली की रॅक मध्यावरून सरकलेली राहते आणि स्टिअरिंग अकरावर किंवा एकवर जाऊन बसते. चाकांना रस्ता हाकतो. त्यांच्यातला बेबनाव ती आपसांत निम्मानिम्मा वाटून घेतात आणि त्याची खबर तेवढी वर पाठवितात.

गॅरेजवाल्यांनी यंत्राचा छापील कागद दाखविला. कागदावरचे सारे आकडे हिरवे होते, आणि ते खोटे नव्हते. बेरीज खरोखरच बरोबर होती. तथापि वादावादी नको म्हणून त्यांनी गाडी अर्धा तास ठेवून घेतली आणि परत दिली. आता स्टिअरिंग अगदी बारावर! वळणाचे दिवेही शहाण्यासारखे मिटू लागले. फादर संतुष्ट, समिती संतुष्ट. एकटे ड्रायव्हरकाका सोडून सर्व मंडळी संतुष्ट होती.

काकांचे म्हणणे असे की, फाटकातून आत घेताना गाडी पूर्वी एका वळणात येई, ती आता येत नाही. एकदा मागे घ्यावी लागते. आमच्या चर्चचे फाटक अरुंद गल्लीत, डाव्या हाताला आहे. वीस वर्षे ज्या माणसाने निरनिराळ्या गाड्या त्या फाटकातून आत घेतल्या त्याने हे म्हणावे, आणि ऐकणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहावे! कोणी म्हणाले, खांद्यांत पूर्वीचा जोर राहिला नसेल. कोणी म्हणाले, नजर तपासून घ्यावी. घाटाच्या खेपांना तरुण ड्रायव्हर बघावा, असा विषय पुढच्या बैठकीसाठी कागदावर मांडलाही गेला. हे सर्व लोक सज्जन होते आणि रुग्णांच्या काळजीनेच बोलत होते. परंतु काकांचे घर त्या पगारावर चालते, आणि पगाराहूनही अधिक असे त्यांचे काही त्या गाडीत आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावर आम्हाला दिसत होते. ते स्वतः काही बोलले नाहीत. पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूस असलेल्या पत्र्यावर एक चकचकीत ओरखडा होता, तो तेवढा बोटाने दाखविला. उजवीकडे पुरते वळविले की टायर तेथे घासत होता. पूर्वी घासत नसे.

डावीकडे वळण अपुरे, उजवीकडे वाजवीपेक्षा जास्त. ही दोन लक्षणे म्हातारपणाची नव्हेत. आम्ही काकांना स्टिअरिंगच्या माथ्यावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावावयास सांगितले आणि सरळ स्थितीपासून डावीकडे अखेरपर्यंत किती फेरे, उजवीकडे किती, ते मोजले. दोन्ही बाजू सारख्या भरावयास हव्या होत्या. डावी बाजू घड्याळाच्या दोन तासांइतकी तोकडी भरली. म्हणजे रॅक मध्यावरून एका तासाच्या अंतराइतकी अजून सरकलेलीच होती. अकराचा दोष जेथे होता तेथेच होता. फक्त तो दिसेनासा झाला होता. फादरांनी दोन्ही मोजण्या स्वतः करून पाहिल्या आणि बैठकीच्या कागदावरील ती ओळ आपल्या हाताने खोडली.

स्टिअरिंग बारावर कसे आले होते, हे हॉर्नच्या झाकणाच्या उचकटलेल्या कडेने सांगितले. त्या झाकणाखाली एक मोठा नट असतो आणि त्याखाली स्टिअरिंग एका दातेरी दांड्यावर बसते. नट काढून स्टिअरिंग उचलावयाचे, दोन-तीन दाते फिरवून पुन्हा बसवावयाचे आणि नट आवळावयाचा. दांड्यावर छत्तीस दाते असतील तर एक दाता म्हणजे दहा अंश, आणि घड्याळाचा एक तास म्हणजे तीन दाते. नटाच्या वर काय ते बदलले. खालचे एक सूतही हलले नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे आपल्याकडे म्हणतात, ते याहून नेमके कोठे लागू पडेलसे वाटत नाही. आमच्या मते ही युक्ती एकाच प्रसंगी रास्त आहे: रॅक मध्यावर आहे, चाके सरळ आहेत, आणि पूर्वीच कोणीतरी स्टिअरिंगच चुकीच्या दात्यावर बसविले आहे, असे मोजून सिद्ध झाले असेल तेव्हा.

रॅक मध्यावर असण्याचा एवढा आग्रह का, असे कोणी विचारील. वळणावर आतले चाक लहान वर्तुळात फिरते आणि बाहेरचे मोठ्या. म्हणून आतले अधिक वळले पाहिजे. ही युक्ती म्युनिकचा गाडी बनविणारा कारागीर लांकेनश्पेर्गर याने घोडागाडीसाठी योजिली आणि रुडोल्फ आकरमन याने १८१८ साली इंग्लंडात तिचे पेटंट घेतले. यास्तव कारागिराचे नाव मागे पडून ती आजही आकरमनच्या नावाने ओळखली जाते. कार्ल बेंझच्या १८८६ सालच्या पहिल्या मोटारीला पुढे एकच चाक होते. दोन चाके बरोबर वळविण्याचा प्रश्न त्याने पुढे काही वर्षांनी सोडविला. असो. मुद्दा असा की, ही सारी मांडणी डाव्या-उजव्या वळणांना सारखा न्याय देते ती मध्य जागेवर असेल तरच. मध्य ढळला की गाडी एका बाजूस उदार आणि दुसऱ्या बाजूस कृपण होते. घाटात समोरून लाकडाने भरलेला ट्रक वळणावर अंगावर आला म्हणजे आपल्याला डावीकडेच दबावे लागते, आणि आमची गाडी नेमकी डावीकडेच कृपण झाली होती.

दुसरे मिस्त्री खानापूर रस्त्यावरचे, वयाने काकांच्याच बरोबरीचे. त्यांच्याकडे यंत्र नाही. ते आमच्या अंगणातच आले आणि त्यांनी आधी पुढे न पाहता मागे पाहिले. मागचा आस कमानपाट्यांवर तिरका बसला असेल तर गाडी खेकड्यासारखी आडवी चालते आणि स्टिअरिंग त्यामुळेही वाकडे होते, असे त्यांनी सांगितले. मागचे अंग ठीक होते. मग चारही टायरांतील हवा सारखी केली, आणि धर्मशिक्षणाच्या वर्गातील चार बाके मागून घेतली. गाडीच्या दोन्ही अंगांना, चाकांच्या मध्याच्या उंचीवर, बाकांना बांधून दोन दोऱ्या ताणल्या. पुढच्या आणि मागच्या चाकांमधील रुंदी सारखी नसते, म्हणून दोरी चाकाला न टेकविता दोन्ही दोऱ्या एकमेकींना समांतर लावून घेतल्या. मुले खिडकीत गोळा झाली; त्या दिवशी दहा आज्ञांचे पाठांतर काहीसे मागे पडले.

नंतर मिस्त्री गाडीखाली गेले, आणि थोड्या वेळाने त्यांनी काकांना हाक मारली. ज्या दांडीवर साऱ्या दुरुस्तीचा भार टाकला होता तिचा चेकनट पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी फिरत होता. पाच-सहा दिवसांनी बांबोळीची खेप ठरलेली होती. काकांनी हात पुसले, बाहेर आले आणि पाणी मागितले. मिस्त्री आतूनच म्हणाले, "वरचं सरळ केलंय, खालचं तसंच सोडलंय." यापलीकडे त्या गॅरेजाविषयी कोणी काही बोलले नाही. आम्हीही येथे बोलत नाही.

पुढचे काम शांतपणे झाले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजून त्यांचा मध्य काढला आणि तेथे रॅक आणली. स्टिअरिंग तीन दाते फिरवून बारावर बसविले आणि बैठकीला दोरीने बांधून टाकले. आता दोन्ही चाके उघड उघड एकाच बाजूला पाहत होती. दांड्यांच्या आट्यांवर तेल सोडले, रबरी भात्याची पट्टी सैल केली (नाहीतर दांडीबरोबर भाता पिळवटून फाटतो), आणि मग प्रत्येक चाकाच्या लोखंडी रिंगच्या पुढच्या व मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचे अंतर पोलादी पट्टीने मोजीत एक दांडी अडीच फेरे लांबविली, दुसरी अडीच फेरे आखूड केली. कोणती लांब आणि कोणती आखूड, हे गाडीच्या मांडणीवर अवलंबून आहे. रॅक आसाच्या मागे असेल तर दांडी लांबविल्याने चाकाचे तोंड आत वळते. पुढे असेल तर बाहेर. परंतु एकीला जेवढे द्यावयाचे तेवढेच दुसरीकडून घ्यावयाचे, हा नियम दोन्हीकडे एकच. त्यामुळे जुळलेली बेरीज बिघडत नाही आणि मध्य तेवढा जागेवर येतो. दर खेपेस गाडी हाताने चार पावले मागेपुढे ढकलली, कारण उभ्या जागी वळविलेला टायर जमिनीला धरून पिळलेला राहतो आणि माप चुकवितो. शेवटी दोन्ही चेकनट पुऱ्या जोराने आवळले. त्यावेळी टोकाचा सांधा त्याच्या हालचालीच्या मध्यावर धरावयाचा असतो, नाहीतर तो एका अंगाला अडतो. हे मिस्त्रींनी काकांकडून धरून घेतले.

ज्यांच्या गाड्या नव्या आहेत त्यांनी मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुलै २०१९ पासून आपल्या देशात नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची आहे, आणि ती स्टिअरिंगच्या पोटात असते. तिच्या तारेची एक पातळ गुंडाळी स्टिअरिंगबरोबर फिरते. स्टिअरिंग काढल्यावर ती गुंडाळी हातून फिरली आणि मध्य न साधता बसविली गेली, तर पुढे एखाद्या पूर्ण वळणावर तुटते, आणि एअरबॅग मुकी होते. अनेक गाड्यांत स्टिअरिंगचा कोन मोजणारे उपकरणही असते. दांड्या जुळविल्यावर त्याचेही शून्य पुन्हा लावून घ्यावे लागते. अशा गाडीचे स्टिअरिंग घरच्या घरी पान्याने उचकटू नये. खालच्या दांड्या जुळविण्याचा न्याय मात्र तोच. जुन्या जीपगाड्यांत रॅक नसून पेटी असते, आणि तिच्यातून चाकांकडे जाणाऱ्या एकाच दांडीच्या लांबीवर स्टिअरिंग सरळ होते. तेथे काम अधिक सोपे.

परीक्षेसाठी काका गाडी सांबऱ्याच्या रस्त्याला घेऊन गेले. बरोबर फादर आणि आम्ही. सपाट पट्टा लागला तेव्हा चिकटपट्टीचा पांढरा तुकडा बारावर होता, आणि फादरांनी तो काढावयास सुचविले तर काका म्हणाले, "असू दे की फादर, घाट होईपर्यंत." परतताना गल्लीत डावीकडे फाटक आले. गाडी एका वळणात आत आली. काकांनी हॉर्न वाजविला नाही, कोणाकडे पाहिलेही नाही. चावी खुंटीला लावून ते चहाला गेले.

मिस्त्रींनी मजुरी सांगितली ती पहिल्या बिलातील नुसत्या 'अलाइनमेंट'च्या रकमेहून थोडीच अधिक होती. आम्ही ती वहीत वेगळ्या ओळीवर घातली. जाताना त्यांनी दोन्ही चेकनटांवरून दांडीपर्यंत पिवळ्या रंगाची एकेक रेघ ओढली. नट हलला तर रेघ तुटलेली दिसेल, पाचशे किलोमीटर झाल्यावर पाहा, असे सांगून गेले. काकांनी पाचशेची वाट पाहिली नाही. बांबोळीच्या खेपेच्या दिवशी पहाटे, रुग्ण गाडीत बसण्यापूर्वी, ते बॅटरी घेऊन पुढच्या चाकांशी ओणवे झाले. दोन्ही रेघा अखंड होत्या. साडेपाचाला गाडी जांबोटीच्या दिशेने निघाली.